कॉलेजचे पहिले वर्ष आणि तुमच्या नावाचे खाते

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, दुसऱ्या गावातल्या कॉलेजात जागा मिळाली. बॅग भरली, दाखल्यांच्या झेरॉक्स काढल्या, आईने चिवड्याचा डबा बांधून दिला. या गडबडीत एका बदलाकडे मात्र घरात कुणाचे फारसे लक्ष जात नाही. आजपर्यंत वह्यांचे, बसचे, डॉक्टरांचे पैसे घरातले कुणीतरी देत होते. पुढच्या महिन्यापासून ते तुमच्या खात्यातून, तुमच्या फोनवरून आणि तुमच्या पिनने जाणार आहेत.

तुम्ही आता खातेदार झाला आहात. खात्यातली रक्कम लहान असेल, पण ती घरच्यांनी महिनोन्महिने बाजूला काढलेली असते. आणि खात्यावर नाव तुमचे असते. पैसे कमी पडले तर घरून पुन्हा येऊ शकतात. नाव अडचणीत आले तर ते सोडवायला फार वेळ लागतो. म्हणून या लेखात पैसे पुरवण्याबद्दल जितके सांगितले आहे, तितकेच खाते जपण्याबद्दलही सांगितले आहे.

जाण्यापूर्वी बँकेतली तीन कामे

पहिले काम सहीचे. तुमचे खाते शाळेत असताना उघडलेले असेल, तर ते अल्पवयीन म्हणून उघडलेले आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की बँक तुमच्या सहीचा नवा नमुना आणि खाते कसे चालवायचे याच्या नव्या सूचना घेते. हे राहून गेले तर नेमके फी भरण्याच्या दिवशी व्यवहार अडकतो. आधारकार्ड, पॅनकार्ड आणि फोटो घेऊन एकदा शाखेत जाऊन या.

दुसरे काम मोबाइल क्रमांकाचे. अनेक मुलांच्या खात्याला वडिलांचा किंवा काकांचा क्रमांक जोडलेला असतो. मग ओटीपी गावाकडे जातो आणि तुम्ही काउंटरवर फोन लावत उभे राहता. खात्याला तुमच्या नावावरच्या सिमचा क्रमांक जोडून घ्या आणि प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस येतो याची खात्री करा. त्याच वेळी नामनिर्देशनही भरून टाका.

तिसरे काम शाखेचे. नव्या गावात पोहोचताच नवे खाते काढायची घाई करू नका. तुमच्या बँकेची शाखा तिथे असेल तर खाते तिकडे हलवता येते. एका शाखेत केवायसी पूर्ण झालेली असेल, तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेसाठी ती नव्याने करावी लागत नाही. आधारवरचा पत्ता गावाचा आणि राहणे होस्टेलमध्ये असेल, तर सध्याच्या पत्त्यासाठी स्वघोषणापत्र देता येते. नवे खाते काढावेच लागले तर मूलभूत बचत खाते, म्हणजे बीएसबीडी खाते, मागा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि एटीएम कार्डासाठी पैसे पडत नाहीत. मात्र हे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

नऊ हजार वाटतात, असतात सहा हजार

पहिल्या सत्रात बहुतेकांचे पैसे एकाच कारणाने संपतात. एकरकमी आलेले पैसे मोठे दिसतात. एक उदाहरण घेऊ.

समजा, होस्टेलची फी भरून झाली आहे आणि जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांसाठी घरून ४५,००० रुपये मिळाले आहेत. सरळ भागाकार केला तर महिन्याला ९,००० रुपये येतात. पण यातले काही खर्च दर महिन्याचे नाहीतच.

पुस्तके, प्रयोगशाळेचा कोट, गादी-बादली, परीक्षा शुल्क: ७,००० रुपये
घरी जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्या: ३,००० रुपये
आजारपण किंवा अचानक प्रवास यासाठी बाजूला: ५,००० रुपये

हे १५,००० रुपये आधीच वजा करा. उरले ३०,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. मेसचे ३,५०० गेले की २,५०० उरतात. फोनचा रिचार्ज ३०० आणि बस किंवा मेट्रोचे ६०० धरले तर हातात १,६०० रुपये राहतात. आठवड्याला साधारण ४००. मित्रांबरोबरचा चहा-नाश्ता, झेरॉक्स, साबण, वाढदिवसाची वर्गणी हे सगळे या चारशेत बसवायचे आहे.

तुमचे आकडे वेगळे असतील. मोठ्या शहरात मेसच जास्त लागेल. घरून डबा येत असेल तर कमी. पण वजाबाकीचा क्रम हाच ठेवा: आधी एकदाच येणारे खर्च, मग अडीअडचणीची रक्कम, आणि उरलेल्याचा भागाकार.

हा आकडा पाळायची एक सोपी युक्ती आहे. दोन बँकांत दोन खाती असतील तर घरून येणारी रक्कम एका खात्यात येऊ द्या आणि ते खाते यूपीआयला जोडू नका. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ६,००० रुपये रोजच्या वापराच्या खात्यात आपोआप जावेत, अशी स्थायी सूचना बँकेला देता येते. फोनवर जितके दिसतात तितकेच पैसे आहेत, असे धरून चालायचे. एकच खाते असेल तर पुढच्या महिन्यांची रक्कम छोट्या मुदतीच्या ठेवींत ठेवा. अडचण आली तर त्या मुदतीपूर्वी मोडता येतात. व्याज थोडे कमी मिळेल, इतकेच.

रोज रात्री दोन मिनिटे खर्च लिहा. वही चालेल, फोनही चालेल. यूपीआयमध्ये नोट हातातून जाताना दिसत नाही, त्यामुळे वीस-वीस रुपयांचे व्यवहार लक्षात राहत नाहीत. पहिल्या महिन्याच्या शेवटी ही यादी वाचा. कुठे कमी करायचे, हे त्यातून तुमचे तुम्हालाच कळेल.

महिन्याला शंभर-दोनशे शिल्लक राहत असतील तर आवर्ती ठेव सुरू करा. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते. महिन्याला २०० रुपये म्हणजे तीन वर्षांच्या पदवीअखेर ७,२०० रुपये जमा आणि वर व्याज. पहिल्या मुलाखतीचा प्रवास आणि कपडे त्यातून निघतील.

शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येईल?

सरकारी शिष्यवृत्ती आता बहुतांश थेट लाभ हस्तांतराने, म्हणजे डीबीटीने, आधारशी जोडलेल्या खात्यात येते. इथे एक बारकावा आहे. तुमचा आधार क्रमांक तुम्ही दोन-तीन बँकांत दिलेला असला, तरी डीबीटीची रक्कम एकाच खात्यात येते. ज्या बँकेत तुम्ही सर्वात शेवटी डीबीटीसाठी आधार जोडले, ते हे खाते.

नव्या शहरात नवे खाते उघडताना एखाद्या फॉर्मवर डीबीटीसाठी संमतीची खूण केली, की शिष्यवृत्ती जुन्या खात्याऐवजी नव्या खात्यात येऊ लागते. विद्यार्थी जुन्या पासबुकात नोंदी शोधत राहतो आणि पैसे आलेच नाहीत असे समजतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तिथे कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. त्या बँकेतले खाते चालू आहे ना, तेही तपासा. सलग दोन वर्षे एकही व्यवहार न झालेले बचत खाते निष्क्रिय धरले जाते. ते पुन्हा सुरू करायला केवायसी द्यावी लागते.

शैक्षणिक कर्ज: व्याज पहिल्या वर्षीच सुरू होते

कर्ज घेऊन शिकणाऱ्यांना एक गोष्ट अनेकदा नोकरी लागल्यावर कळते. शिकत असताना हप्ता सुरू नसतो, पण व्याज सुरू असते.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी चार लाखांचे कर्ज आहे आणि बँक दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख रुपये देते. हिशोबासाठी व्याजदर १० टक्के धरू. शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही. या काळात सरळव्याज लागते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,००० रुपये व्याज होते. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याआधीच चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात.

आता दुसरी बाजू पाहा. पहिल्या वर्षी व्याज महिन्याला साधारण ८३३ रुपयेच असते. घरच्यांना जमत असेल तर तेवढे दरमहा भरत राहावे. पूर्ण नाही जमले तर अर्धे भरावे. शिकत असताना व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात सवलत देतात. शाखेत तसे स्पष्ट विचारा.

आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली आहे. यादीतल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना त्यात तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज-अनुदानाचा लाभ मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळात ३ टक्के व्याजसवलतीची तरतूदही आहे. तुमची संस्था यादीत आहे का, ते प्रवेश घेतानाच पाहा.

'दोन दिवसांसाठी तुझे खाते दे'

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग.

होस्टेलमध्ये ओळखीचा एक सीनियर येतो. म्हणतो, "माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली. तुझ्या खात्यात वीस हजार येतील. एकोणीस मला पाठव, हजार तू ठेव." किंवा मोबाइलवर घरबसल्या कामाचा संदेश येतो: पैसे घ्यायचे, सांगितलेल्या क्रमांकावर पुढे पाठवायचे आणि दोन टक्के आपले. किंवा कुणीतरी थेट भाडेच सांगतो: एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे.

आठवड्याला चारशे रुपये खर्चायला असलेल्या मुलाला हजार रुपये मोठे वाटतात. पण ते पैसे आले कुठून, हा प्रश्न विचारा. ऑनलाइन फसवणूक करणारे लोक लुटलेली रक्कम स्वतःच्या खात्यात कधीच घेत नाहीत. ती अनोळखी लोकांच्या खात्यांतून पटापट फिरवली जाते, म्हणजे माग लागत नाही. अशा खात्यांना बँका 'म्यूल खाते' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझे दुसऱ्याचे, पाठ आपली. ती रक्कम एखाद्या निवृत्त शिक्षकाची असेल, एखाद्या बाईच्या भिशीची असेल. जसे तुमच्या घरच्यांनी साठवले, तसेच कुणीतरी साठवलेले ते पैसे असतात.

ज्याचे पैसे गेले तो तक्रार करतो. पोलीस रकमेच्या मागावर निघाले की वाटेतले प्रत्येक खाते समोर येते. खोटा क्रमांक वापरणारा सीनियर किंवा 'कंपनी' सापडत नाही. खरे नाव, खरे आधार आणि खरा पत्ता असलेले तुम्ही सापडता. खाते गोठवले जाते. मग त्यातले तुमचे स्वतःचे पैसेही निघत नाहीत. शिष्यवृत्ती त्याच खात्यात अडकते, फीची तारीख निघून जाते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या पोलिसांची नोटीस येते. मिळालेले हजार रुपये प्रवासालाही पुरत नाहीत. 'मला माहीत नव्हते' हे खरे असले तरी ते तुम्हालाच पटवून द्यावे लागते. गुन्हा नोंदला गेला तर पुढे पासपोर्टची किंवा नोकरीची पोलीस पडताळणी होते, तेव्हाही तो प्रश्न समोर येतो.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवून टाका.

एटीएम कार्ड, पिन, ओटीपी, पासबुक, चेकबुक आणि तुमच्या नावाचे सिम कुणालाही वापरायला देऊ नका. रूममेटलाही नाही.

दुसऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवू नका. मेसच्या बिलातला मित्राचा वाटा घेणे वेगळे. कुणाचे ते माहीत नसलेले वीस हजार घेणे वेगळे.

खात्यात अनोळखी रक्कम आली आणि "चुकून आले, परत पाठवा" असा फोन आला, तर स्वतः पाठवू नका. बँकेला कळवा, रक्कम परत करायची ती बँकेमार्फत होऊ द्या.

वर्गाच्या सहलीचे पैसे तुमच्या खात्यात गोळा करायची वेळ आली तर विचार करा. साठ मुलांचे १,५०० म्हणजे ९०,००० रुपये होतात. शक्यतो कॉलेजच्या खात्यात भरायला सांगा. नाहीच जमले तर नावांची यादी आणि पावत्या जपून ठेवा.

नाही म्हणणे अवघड जाते, हे खरे. समोरचा रोजच्या पंगतीतला असतो. अशा वेळी वाद घालू नका. "घरचेही हेच खाते वापरतात, बाबांना विचारावे लागेल" किंवा "बँकेत विचारून सांगतो" एवढे म्हणा. सरळ व्यवहार असेल तर समोरचा थांबेल. बँकेचे नाव काढताच तो विषय सोडून देत असेल, तर काय ते तुमच्या लक्षात येईल.

हातात पैसे नसतील तेव्हा

सत्राच्या शेवटी पैसे संपतात आणि फोनवर 'पाच मिनिटांत कर्ज'ची जाहिरात येते. अशा अ‍ॅपला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. कर्ज कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था देत आहे? आणि अ‍ॅप तुमच्या फोनमधले संपर्क व फोटो मागते आहे का? डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी आणि फोटो-फाइल्सना हात लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जे अ‍ॅप ते मागते, ते वसुलीच्या वेळी तुमच्या नातेवाइकांना फोन करण्यासाठीच मागते असे समजा.

क्रेडिट कार्डाची थकबाकीही स्वस्त नसते. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटते. वर्षाला ते ४२ टक्के होतात. कर्जाचे चुकलेले हप्ते तुमच्या पतअहवालात नोंदले जातात, आणि पुढे गाडी-घराच्या कर्जाच्या वेळी बँक तो अहवाल पाहते.

शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समधून खर्च काढू, असे सांगणारेही भेटतील. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या दर १०० सामान्य व्यक्तींपैकी ९३ जणांचे नुकसान झाले होते. मेसचे पैसे त्यात घालू नका.

पैसे कमी पडले तर घरी सांगा. महिन्याच्या वीस तारखेला सांगितले तर पाचशे-हजारात भागते. लपवून कर्ज घेतले तर दोन महिन्यांनी तीच गोष्ट मोठ्या आकड्याने सांगावी लागते. घरच्यांनाही एक विनंती: पहिल्या वर्षी हिशोब चुकला म्हणून मूल फोन करते, तेव्हा आधी ऐकून घ्या. रागावलात तर पुढची चूक तुम्हाला उशिरा कळेल.

चूक झालीच तर

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. हे माहीत असूनही घाईत चूक होते. तसे झाले तर लाजू नका आणि वेळ घालवू नका.

आधी बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच थांबण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान तुमचे; कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही बाबतींत पहिला फोन किती लवकर केला, यावर सगळे अवलंबून आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

खाते कुणाला आधीच वापरायला दिले असेल, तर आजच कार्ड बंद करा, बँकेला लेखी कळवा, झालेले संदेश पुसू नका आणि घरी सांगा. स्वतःहून सांगणाऱ्याची बाजू ऐकली जाण्याची शक्यता अधिक असते.

पहिल्या पंधरवड्यात एवढे करा

१. खात्यावर नवी सही आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवा.
२. डीबीटीसाठी कोणते खाते जोडलेले आहे, ते तपासा.
३. सत्राची वजाबाकी कागदावर मांडा आणि आठवड्याचा आकडा ठरवा.
४. अडीअडचणीची रक्कम रोजच्या खात्यातून बाजूला काढा.
५. फी, होस्टेल आणि मेसच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा.
६. बँकेचा मदतक्रमांक आणि १९३० फोनमध्ये, तसेच वहीच्या शेवटच्या पानावरही लिहा. फोनच हरवला तर वही उपयोगी पडते.
७. खाते, कार्ड आणि सिम कुणालाही वापरायला देणार नाही, हे आजच ठरवा. मागणारा समोर उभा राहिल्यावर ठरवणे जड जाते.